अंगणवाडीतून मिळणारं टीएचआर पाकीट: एकच पीठ, दोन घरं, माझा रिव्ह्यू

मी पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात, आणि माझी मुलगी आता चौदा महिन्यांची आहे. तिची नोंदणी मी इथल्याच अंगणवाडीत केलीये त्यामुळे गावातल्या बाकी आयांसारखं टीएचआरचं पाकीट मलाही मिळतं. टीएचआर म्हणजे टेक होम रेशन, ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांना घरी न्यायला देतात ते कोरडं तयार मिश्रण. याबद्दल बातम्या भरपूर येतात, कधी निकृष्ट आहार म्हणून कधी गुरांना घातला म्हणून, पण स्वतःच्या लेकराला रोज शिजवून घालणाऱ्या कुणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून लिहितेय.

आधी सरळ मत सांगून टाकते. पीठ म्हणून पाचपैकी साडेतीन. योजना म्हणून, म्हणजे या पाकिटानं कुपोषण कमी होईल का असं विचाराल तर पाचपैकी दीड. हा एवढा फरक का पडतो तेच सांगायचंय.

वस्तूपासून सुरुवात करते. पुरवठादार अधूनमधून बदलतात आणि मिश्रणंही बदलतात. मला आत्तापर्यंत शिऱ्याचं, उपम्याचं आणि खिचडीसारखं अशी मिश्रणं मिळालीत, जुन्या बायका अजून सगळ्यालाच सुकडी म्हणतात. गोड मिश्रण मुलं खातात. माझी मुलगीही पहिल्या घासापासून खायला लागली, पण त्यात साखर जरा जास्तच वाटते, एवढ्या लहान मुलाला इतक्या गोडाची सवय नको असं माझं मत. उपम्याला एका लॉटमध्ये खवट तेलाचा वास होता, तारीख बघितली तर मुदत संपलेली नव्हती, पण पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेच्या उन्हात पोती पडून राहिली तर मुदतीच्या आतही तेल खराब होणारच ना. खिचडीचं मिश्रण मला सगळ्यात बरं वाटलं, डाळ लागते तोंडाला. शिजवायला सोपं आहे, पाणी उकळून त्यात घालायचं, ढवळायचं, पाच-सात मिनिटं. पाकिटावर मराठीत माहिती असते पण अक्षर इतकं बारीक की माझ्या सासूबाईंना चष्मा लावूनही वाचता येत नाही आणि ज्या आजीला वाचताच येत नाही तिच्यासाठी एखादं चित्र, किती वाट्या पाणी, किती पीठ, दिवसातून किती वेळा, एवढं तरी छापायला काय हरकत आहे.

आता आकडे, कारण यात खरी गंमत नाही तर खरं दुखणं आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात ठरलं की ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळतील एवढा आहार घरी द्यायचा, आणि मूल कुपोषित असेल तर ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. ५०० किलोकॅलरी म्हणजे कोरडं मिश्रण साधारण सव्वाशे ग्रॅम. आणि वर्षाच्या पुढच्या, अजून अंगावर पिणाऱ्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ५५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे कागदावर हे पाकीट पोराची वरच्या अन्नाची जवळजवळ सगळी गरज भागवतं! नुसतं पूरक नाही, जवळपास पूर्ण. मग महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या फेरीत, पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी का निघाली आणि २५.६ टक्के उंचीच्या मानानं हडकुळी का? हडकुळ्या मुलांचा आकडा त्याच्या आधीच्या २०१५-१६ च्या फेरीतही २५.६ च होता. दशांशाचाही फरक नाही. आणि त्यातली अतितीव्र, म्हणजे फारच हडकुळी मुलं एकूण मुलांच्या ९.४ टक्क्यांवरून १०.९ टक्क्यांवर गेली.

याचं उत्तर मला शेजारच्या घरात मिळालं. (घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही देत नाहीये.) शेजारचं पोरगं माझ्या मुलीपेक्षा दोनच महिन्यांनी मोठं. पाकीट तेच, अंगणवाडी तीच, ताई तीच, वजनकाटा तोच. माझी मुलगी वाढतेय आणि ते पोर कित्येक महिने साडेसात किलोच्या आसपास अडकलंय. दंडाची पट्टी लावली की पिवळ्यात येतं, म्हणजे साडेअकरा ते साडेबारा सेंटीमीटरच्या मधे, यालाच मॅम म्हणतात, मध्यम तीव्र कुपोषण. साडेअकराच्या खाली गेलं की लाल, सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषण.

माझ्याकडे काय होतं ते आधी सांगते. मी सकाळी शाळेत जाते, आवारातच असल्यानं मधल्या सुट्टीत येऊन पाजून जाते. घरी सासूबाई असतात, गॅस आहे, सासूबाई दिवसातून पाच वेळा मुलीला खायला घालतात, दर वेळी अर्धी-पाऊण वाटी, ताजं शिजवून, वर चमचाभर तेल नाहीतर तूप, आणि तिनं तोंड फिरवलं की चिऊ दाखवत, अंगणात फिरवत, अर्धा अर्धा तास लागला तरी भरवतात. पाकीट नसतं तरी तिला काही कमी पडलं नसतं. पाकीट आमच्याकडे बोनस आहे.

शेजारी आई पहाटे उठून पाणी आणते, भाकऱ्या बडवते, मोठ्या दोघांचं आवरते आणि आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसात सात वाजायच्या आत शेतावर गेलेली असते, दुसऱ्याच्या शेतावर, मजुरीनं. पोर कुणाकडे? आजी आहे पण तिला मोतीबिंदू झालाय आणि तीही सरपणाला जाते. तर पोर असतं सात वर्षांच्या बहिणीकडे. ही बहीण माझ्याच दुसरीच्या वर्गात आहे, हजेरीपटावर तिच्या नावापुढे पावसाळ्यात गैरहजेरीच जास्त, आणि का ते मला समोर दिसतं, ती कडेवर भाऊ घेऊन शाळेच्या कुंपणापाशी उभी असते. या पोरीनं चूल पेटवून पाणी उकळून टीएचआर शिजवायचं का? आईनं सकाळी एकदा शिजवून ठेवलेलं असतं ते घट्ट होतं, थंड होतं, त्यावर माशा बसतात, ती त्यातलं थोडं स्वतः खाते थोडं त्याला भरवते, तो थुंकला की संपलं. ती पण मूलच आहे, तिलाही भूक लागते.

आणि पाकीट पोराच्या एकट्याचं राहतच नाही. घरात तीन मुलं, एक चुलत बहीण, सगळे भुकेले, कुठली आई एकालाच वाढून बाकीच्यांना बघत बसा म्हणेल? सव्वाशे ग्रॅमचे चार वाटे केले की एकाच्या वाट्याला तीस ग्रॅम, म्हणजे सव्वाशे किलोकॅलरी. पंधरा दिवसांचं पाकीट चार-पाच दिवसात संपतं. मी शेजारच्या वहिनीला, त्या पोराच्या आईला, एकदा विचारलं तर म्हणाली, "बाई, गोड असतं ना, पोरं मागतात, मी नाय कसं म्हनू." यात चुकलं काय तिचं?

शहरातले नातेवाईक, आणि वाईट वाटतं सांगायला पण आमच्या स्टाफमधलेही काही, म्हणतात की या लोकांना कळतच नाही मुलांना काय घालायचं. मला हे अजिबात पटत नाही. इथली माणसं नागली (नाचणी) पिकवतात, शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. उडीद, कुळीथ, खुरासणीचं तेल, सुकट, पावसाळ्यात ओढ्याच्या चिंबोऱ्या, शेवळं, टाकळा, कुर्डू, रानभाज्यांची नावं तर मला अजून सगळी पाठ नाहीत. बाळंतिणीला काय घालायचं हे इथल्या म्हातारीला नीट माहितीये. कळत नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न हा की जमीन डोंगरउताराची तुकडाभर, पीक वर्षातून एकच पावसाळी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जेव्हा शेतात सगळ्यात जास्त राबायचं असतं तेव्हाच घरातली कणगी रिकामी झालेली असते. मग पोराच्या तोंडात काय जातं तर पेज. पेज वाईट नाही पण पातळ पेजेच्या वाटीत बहुतेक पाणीच असतं. लहान मुलाचं पोट एका वेळी किलोमागे तीस मिलिलिटरच्या आसपासच घेतं, आठ किलोच्या पोराला पाव लिटरच्या आतच. ते पोट पाण्यानं भरलं की पोर रडायचं थांबतं, आईला वाटतं खाल्लं, पण अंगाला लागायला त्यात काही नसतं. म्हणून घट्ट अन्न, त्यात तेल, आणि दिवसातून चार-पाच वेळा. एक छोटा चमचा तेल म्हणजे ४५ किलोकॅलरी! पण चार-पाच वेळा भरवायला माणूस लागतो. पाकिटात पीठ येतं, भरवणारा हात येत नाही.

हे फक्त खाण्याचं झालं. पोर जन्मलं तेव्हाच अडीच किलोच्या आत होतं, कारण आईच अठराव्या वर्षी पहिलटकरीण, आता तिसरं, दोन बाळंतपणात अंतर कमी, आणि रक्त कायम कमी. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये आणि ६ महिने ते ५ वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय निघाला होता. गरोदरपणी शेवटच्या महिन्यापर्यंत आवणी केलेली बाई मी डोळ्यांनी बघितलीये, वाकून, गुडघाभर चिखलात. मूल बुटकं राहणं म्हणजे पोटात असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंतचा हिशोब असतो, त्यातला मोठा भाग पाकीट सुरू व्हायच्या आधीच संपलेला असतो.

मग पाणी. मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर येतो, हे इथं राहिल्याशिवाय खरं वाटत नाही. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी, पावसाच्या सुरुवातीला वाहून आलेलं पाणी, दोन्ही वेळा हगवण. हगवण लागली की आठवडाभरात पोरानं दोन महिन्यात कमावलेलं वजन जातं, वरून कुणीतरी सांगतं की आता दूध-जेवण बंद ठेव, आणि अशक्त झालं की पुढच्या वेळी अजून लवकर आजारी पडतं. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या, १४ दिवस, हगवण थांबली तरी पूर्ण करायच्या, आशाताईकडे फुकट मिळतात, पण दोन दिवसांनी बरं वाटलं की पुढच्या गोळ्या फळीवर राहतात. अंगावर पाजणं आणि खाणं हगवणीत मुळीच बंद करायचं नाही, हे जमेल तिथं सांगत राहायला हवं.

आणि सगळ्यात मोठं, स्थलांतर. दिवाळी झाली की अर्धं गाव रिकामं होतं. वाडा, भिवंडी, वसई इकडच्या वीटभट्ट्यांवर. आधीच उचल घेतलेली असते, लग्नासाठी नाहीतर आजारपणासाठी, ती फेडायला नवरा-बायको दोघं जातात, पोरं बरोबर. तिकडे आठवड्याला खर्ची मिळते त्यात तांदूळ, बटाटा, मिरची, बस. पोर दिवसभर भट्टीच्या धुळीत. रेशनकार्ड गावात, अंगणवाडी गावात, अंगणवाडीच्या नोंदींच्या पोषण ट्रॅकर ॲपवर नाव गावात. ॲपमध्ये नाव दुसरीकडे हलवायची सोय आहे म्हणतात, पण भट्टीवर जवळची अंगणवाडी कुठली हे त्या बाईला सांगणार कोण, आणि मालक तिला सकाळी तिकडे सोडणार का? होळीला काही जण येतात, पुन्हा जातात, पावसाच्या तोंडावर कायमचे परततात. त्या पाच-सहा महिन्यात पोराचं वजनच झालेलं नसतं, आणि परत आल्यावर वजनकाट्यावर ठेवलं की रेघ खाली. आता आहाराची नोंद चेहरा ओळखून करायची झालीये, फोटो जुळला तरच. मुद्दा मला कळतो, चोरी थांबावी म्हणून. पण आमच्याकडे शाळेच्या मागच्या टेकाडावर गेल्याशिवाय रेंज येत नाही आणि ताईचा अर्धा दिवस त्यातच जातो. तो वेळ तिनं घरोघरी जाऊन भरवायचं कसं ते दाखवण्यात घालवला असता तर मुलांचं जास्त भलं झालं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

ताईबद्दल लिहायलाच हवं कारण सेवेचा रिव्ह्यू म्हटलं की लोक पहिला दगड तिलाच मारतात. आमच्या ताईला पाचपैकी पाच. वजनं, लसीकरणाचे दिवस, गरोदर बायांच्या याद्या, निवडणुकीची कामं, सर्व्हे, ॲप, आणि यातून वेळ काढून ती मुलांना गाणी शिकवते. मदतनीस एकटी तीस मुलांची खिचडी शिजवते. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभर सेविकांचा संप झाला, दीड महिन्याहून जास्त चालला, तेव्हा आवार इतकं शांत झालं होतं की या बाया रोज किती काम ओढतात ते तेव्हा सगळ्या गावाला कळलं. त्यांच्या मागण्या मला रास्तच वाटल्या होत्या.

तुलना करायची तर अमृत आहारची करायला हवी. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना, २०१५ च्या शेवटी आदिवासी भागासाठी सुरू झाली. गरोदर बाईला शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर पहिले काही महिने, अंगणवाडीत एक वेळचं गरम पूर्ण जेवण, भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं वगैरे. पुढं ७ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी. हे मला पाकिटापेक्षा कितीतरी पटीनं चांगलं वाटतं. अंड्यात भेसळ करता येत नाही, शिळं असेल तर लगेच कळतं, पाणी घालून वाढवता येत नाही, आणि उकडलेलं अंडं सात वर्षांची बहीणसुद्धा कुस्करून भरवू शकते. अंड्याच्या दिवशी अंगणवाडीचा पट भरलेला असतो, हे मी रोज खिडकीतून बघते. पण दोन अडचणी इथंही आहेत. पैसे कधीकधी महिनोन्महिने उशिरा येतात, मग ताई दुकानदाराकडे उधारी करते आणि एक दिवस दुकानदार नाही म्हणतो. आणि बायांना दुपारी जेवायला यायचं तर मजुरीचा खाडा होतो. एका जेवणासाठी दिवसाची मजुरी कोण सोडेल? शेतावर डबा पोचवायची सोय झाली तर आवणीच्या महिन्यात फार मोठा फरक पडेल.

पैशाचं निघालंच आहे तर तेही. अंगणवाडीच्या पूरक आहाराचा केंद्रानं २०१७ मध्ये ठरवलेला दर म्हणजे साध्या मुलाला दिवसाला ८ रुपये, अतितीव्र कुपोषिताला १२ रुपये, गरोदर आणि स्तनदा मातेला साडेनऊ. आमच्याकडच्या दुकानात एक अंडं सात-आठ रुपयाला. आता त्या आठ रुपयात धान्य, डाळ, तेल, जीवनसत्त्वं, पॅकिंग, वाहतूक, नफा सगळं बसवायचं तर पिठाला मी साडेतीन स्टार का दिले हे लक्षात येईल, एवढ्या पैशात त्याहून वर जाणं अवघडच आहे. सुप्रीम कोर्टानं २००४ मध्येच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, गावातल्या बचतगटांना, महिला मंडळांना काम द्या. २०१९ च्या फेब्रुवारीत राज्यातली मोठमोठी कंत्राटं कोर्टानं रद्दही केली. तरी आमच्या गावच्या बचतगटानं भाजून दळलेलं नागली-उडदाचं पीठ अजून सरकारी पाकिटात येत नाही, ते बाजारात विकलं जातं. मी ते घेते, मुलीला त्याची आंबील आवडते.

ज्यांचं मूल पिवळ्यातून लालमध्ये गेलंय त्यांच्यासाठी थोडं, कारण इथं पाकिटावर विसंबून राहायचं नाही. सॅम निघालं पण भूक आहे, ताप-सूज नाही, तर अंगणवाडीतच ग्राम बाल विकास केंद्र लावतात, व्हीसीडीसी, तिथं दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं ऊर्जा जास्त असलेलं खाणं देतात. हे चांगलं चालतं, कारण तिथं भरवणारं माणूस असतं, परत तेच. मूल खातच नसेल, सुस्त पडलं असेल, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, बोटानं दाबलं की खड्डा पडतो तशी, तर दंड कितीही जाड असू दे, सरळ दवाखान्यात. पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे ठेवतात, सुरुवातीला विशेष दूध, मग वाढीचं दूध, आणि आईला बुडीत मजुरी मिळते. सेवा म्हणून मला त्याबद्दल तक्रार करायची नाही, डॉक्टर-नर्स मनापासून करतात. पण बाया जात नाहीत आणि गेल्या तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत येतात, त्याचं कारण घरी राहिलेली दोन पोरं. त्यांना कोण बघणार? बुडीत मजुरीनं मजुरी भरून निघते, घरी राहिलेल्या लेकरांपाशी कुणी येत नाही. आणि बरं होऊन परत आलेलं पोर त्याच घरात, त्याच बहिणीच्या कडेवर.

आमच्या भागाला हे नवीन नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली तेव्हा देशभर बातमी झाली होती, तेव्हा पालघर जिल्हाही नव्हता, सगळा ठाणे जिल्हाच. पुढारी आले, घोषणा झाल्या. त्याच सुमारास मेळघाटातल्या बालमृत्यूंवरून हायकोर्टात याचिका गेली होती. पण एकदा या राज्यानं खरंच करून दाखवलंय हेही लोकांना माहिती हवं. २००५ मध्ये औरंगाबादेत कुपोषणावर काम करणारं राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, पहिल्या हजार दिवसांवर जोर दिला, रिकाम्या जागा भरल्या, दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं ते २०१२ च्या राज्याच्या पोषण सर्वेक्षणात २३ टक्क्यांच्या आसपास आलेलं दिसलं. म्हणजे होऊ शकतं. नंतर ते तसं टिकलेलं दिसत नाही, आणि याचा मला राग येतो, कारण कसं करायचं हे माहीत असून मागे पडलो आपण.

मला जर कुणी विचारलं की या योजनेत एकच गोष्ट बदलायची तर काय, तर मी पाकिटाची चव, रंग, पुरवठादार यातलं काही सांगणार नाही. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत बसवून गरम जेवण मिळतं, आणि ज्या वयात मूल स्वतःच्या हातानं खाऊ शकत नाही, त्या ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांना पाकीट देऊन घरी पाठवतात. हे उलटं आहे. या मुलांना दिवसभर सांभाळणारी, चार वेळा भरवणारी जागा गावातच हवी. छत्तीसगडमध्ये फुलवारी नावानं हे चालतं, बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगच्या डॉक्टरांनी जंगलातल्या गावांत अशी पाळणाघरं गावातल्याच बायकांच्या हातून चालवली, खिचडी, सत्तू, अंडी, आणि आई निर्धास्त कामावर. सरगुजात तर आयाच आळीपाळीनं सांभाळायच्या. केंद्राचीही पाळणा म्हणून योजना आहे, अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढायची. अशी जागा झाली तर दुसरीतली ती पोरगीही शाळेत येईल, हा माझा त्यातला स्वार्थ समजा.

तोपर्यंत ज्यांच्या हातात हे पाकीट पडतंय त्यांच्यासाठी मला जमलं ते सांगते. तारीख बघूनच घ्या आणि वास आला तर ताईला परत द्या, ती बदलून देते, उगाच गुरांना घालू नका. एकदाच न शिजवता थोडं थोडं शिजवा, चूल पेटवणं जमणार नसेल तर गोड पीठ तेलात खमंग भाजून गुळाच्या पाण्यात लाडू वळून ठेवा, दोन दिवस टिकतात, वर्षाच्या आतल्या मुलाला तो कोमट दुधात नाहीतर उकळून निवलेल्या पाण्यात कुस्करूनच द्या, नुसता हातात देऊ नका. घट्ट ठेवा, चमच्यावरून ओघळेल इतकं पातळ नको. वरून खुरासणीचं, शेंगदाण्याचं, जे असेल ते तेल. उन्हाळ्यात पाकीट पत्र्याखाली ठेवू नका, घरात जमिनीजवळ गार जागेत ठेवा. आणि वाटे होणारच असतील तर निदान धाकट्याची वाटी वेगळी काढा, त्याला आधी भरवा, मग बाकीच्यांना.

शेजारच्या पोराचं सध्या असं चाललंय की दुपारी सासूबाई त्यालाही आमच्याकडे घेऊन बसतात, दोघांना एकदमच भरवतात. पट्टी अजून पिवळ्यातच आहे पण हिरव्याच्या बाजूला सरकलीये. एका घरानं हे करणं म्हणजे काही उपाय नव्हे, गावात अशी अजून बरीच मुलं आहेत आणि सासूबाई एकच. म्हणून पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याखाली मिळणाऱ्या, ५ टक्के अबंध निधीतून गावात पाळणाघर काढायचा विषय ग्रामसभेत मांडलाय. दोन बायकांचं मानधन, भांडी, गॅस, अंडी-तेल आणि एक खोली, एवढाच खर्च धरलाय. ग्रामसेवक म्हणाले की अंदाजपत्रक करून आणा, ते मी आणि ताई मिळून करतोय. कुणाच्या ग्रामपंचायतीनं हे आधी केलं असेल, विशेषतः जव्हार, विक्रमगड, पेठ, सुरगाणा या बाजूला, तर महिन्याला मुलामागे खर्च किती येतो आणि भट्टीचे महिने सोडून उरलेल्या काळात ते कसं चालवलं, एवढं सांगा. पुढची ग्रामसभा आवणी उरकल्यावर आहे.